मदत हवी आहे: विंडोज अपडेटनंतर ऑफिसचा नॅस उघडत नाही, शिवाय तोच घरूनही जोडायचा आहे

पेठेतला_प्रूफवाला

डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. चार डेस्कटॉप आणि दोन डिस्कचा एक जुना नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारी फाइलींची पेटी. नॅसचा पत्ता १९२.१६८.१.५० असा पक्का बांधलेला आहे. शेअरचं, म्हणजे त्यावरच्या सामायिक फोल्डरचं, नाव 'कामे' (नाव इंग्रजी अक्षरांत आहे). आजवर त्याला पासवर्ड नव्हता, कोणीही उघडावं आणि फाइल टाकावी असा कारभार. आता अडचणी अशा:

१) एका मशीनवर विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती आली आणि त्या दिवसापासून शेअर उघडत नाही. कधी 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, कधी नुसताच झीरो एक्स ८००७००३५, म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही. शेजारच्या विंडोज १० मशीनवर तोच शेअर व्यवस्थित उघडतो.

२) एक मशीन लिनक्स मिंटचं आहे. फाइल मॅनेजरमध्ये शेअर दिसतो, पण स्कॅनिंगच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह'च्या खिडकीत दिसत नाही.

३) घरून फाइल उघडायच्या आहेत. राउटर बसवणारा म्हणाला, ४४५ नंबरचा पोर्ट उघडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. करू देऊ का?

नॅसचं ॲडमिन पान उघडतं, त्याचा पासवर्ड हाताशी आहे.

---

आडवी_केबल

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण तो माणूस उद्या येऊन बसेल. ४४५ इंटरनेटवर उघडू नका, ते एसएमबीचं, म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंगचं, दार आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच दारातून. मायक्रोसॉफ्टचा पॅच त्याआधी मार्चमध्येच आला होता, तरी लाखो मशीनं अडकली. आणि तुमच्या नॅसला तर पासवर्डही नाही. घरून जोडायची रीत वेगळी आहे, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच.

आता पहिलं. विंडोज १० वर चालतं म्हणजे केबल, स्विच, नॅस सगळं धड आहे. तरी खात्रीसाठी पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, पुढे नॅसचा पत्ता, पुढे पोर्ट ४४५ असं द्या (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे). शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की दारापर्यंत रस्ता आहे, भांडण दारात आहे. 'पाथ सापडला नाही' या संदेशावर विश्वास ठेवून केबली उपसत बसू नका. पाथ सापडलेला असतो, आत घेतलेलं नसतं, तरी विंडोज हेच वाक्य फेकतं.

२४एच२ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्ट लॉगिनने, आत जाणं मुळातच बंद झालं. आणि एसएमबी सायनिंग सक्तीचं झालं, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही हवी. ही सही पासवर्डवरून तयार झालेल्या सत्र-किल्लीने होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, मग किल्ली नाही आणि सहीही नाही. म्हणून सायनिंग सक्तीचं आणि गेस्ट चालू, असं दोन्ही एका वेळी जमतच नाही. हे समजलं की निम्मं काम झालं.

नॅसवर करायचं ते असं. ॲडमिन पानावर प्रत्येक माणसासाठी वेगळा युजर तयार करा, नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको. 'कामे' शेअरवर त्या युजरना वाचन-लेखनाची परवानगी द्या आणि गेस्टची काढून टाका. मग एसएमबीच्या प्रगत सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल एसएमबी२, कमाल एसएमबी३ ठेवा, आणि सर्व्हर सायनिंग 'ऑटो' किंवा 'चालू' करा. सायनिंग बंदच राहिलं तर पासवर्ड बरोबर असूनही झीरो एक्स सी०००ए००० हा कोड येईल, म्हणजे सही अवैध.

नॅस इतका म्हातारा असेल की एसएमबी१ सोडून काहीच बोलत नाही, तर त्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी१ परत बसवण्यापेक्षा नॅसला निवृत्त करा.

---

दुपारची_चहापत्ती

एवढं कशाला? पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडायचं, सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन आज्ञेने 'एनेबल इनसिक्युअर गेस्ट लॉगॉन्स' ट्रू आणि 'रिक्वायर सिक्युरिटी सिग्नेचर' फॉल्स करायचं. दोन ओळी आणि विषय संपला.

---

आडवी_केबल

चालतं, नाकारत नाही. पण त्या सेटिंगच्या नावातच 'इनसिक्युअर' आहे, आणि ती फक्त तुमच्या नॅसपुरती नाही. ते मशीन पुढे ज्या ज्या नेटवर्कवर जाईल, तिथे 'मीच तुझा सर्व्हर' म्हणणाऱ्या कोणाशीही विनासही बोलायला तयार होतं. छपाईच्या डेडलाइनला रात्री अकरा वाजता अडलात तर करा, सकाळी फिरवा. नॅसवर युजर बनवायला दहा मिनिटं लागतात.

---

पेठेतला_प्रूफवाला

युजर केले, गेस्ट बंद, सायनिंग ऑटो. २४एच२ वाल्या मशीनवर आता नाव-पासवर्ड विचारतो, पण 'चुकीचा पासवर्ड' म्हणतो. तोच पासवर्ड नॅसच्या पानावर चालतो. दुसऱ्या मशीनवर एरर १२१९ आला, 'एकाच सर्व्हरला एकापेक्षा जास्त नावांनी जोडता येत नाही' अशा अर्थाचा. आणि तिसऱ्यावर सगळं उघडलं, झेड ड्राइव्हही केला, पण हिशोबाच्या प्रोग्रॅमला झेड दिसतच नाही!

---

चौदा_नंबरचा_पाना

तीनही नेहमीचे पाहुणे आहेत.

*चुकीचा पासवर्ड.* नावाच्या चौकटीत नुसतं नाव घातलं की विंडोज कधीकधी त्याच्यापुढे स्वतःच्या मशीनचं नाव किंवा मायक्रोसॉफ्ट खातं चिकटवतं. म्हणून नॅसचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग युजर, असं पूर्ण लिहा. दुसरं, कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स उघडा. तिथे नॅसच्या पत्त्याची किंवा नावाची जुनी नोंद असेल ती काढा. गेस्टच्या काळात घातलेलं काहीबाही तिथे वर्षानुवर्षं पडून असतं आणि विंडोज न विचारता तेच पुढे करतं. आणि संगणक सुरू करताना जो चार आकडी पिन घालता तो इथे चालत नाही. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो जातच नाही.

*१२१९.* त्या मशीनने आधी एका नावाने जोडणी केली आहे आणि ती अजून जिवंत आहे. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' एवढंच टंका, यादी येईल. ड्राइव्हचं अक्षर नसलेली, शेवटी आयपीसी आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक ओळ दिसली तर तीच ती. 'नेट यूज', त्या ओळीतला पत्ता, मग '/डिलीट'. सगळं एका दमात झाडायला पत्त्याच्या जागी * चालतो, पण मग बाकीचे ड्राइव्हही सुटतात, उघड्या फाइली आधी सेव्ह करा. हे न जमलं तर साइन आउट करून परत आत या.

*झेड न दिसणं.* हिशोबाचा प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडत असणार. विंडोजमध्ये एकाच माणसाची दोन ओळखपत्रं असतात, साधं आणि ॲडमिनचं. साध्या ओळखपत्राने जोडलेला ड्राइव्ह ॲडमिनवाल्याला दिसत नाही. रजिस्ट्रीत 'एनेबल लिंक्ड कनेक्शन्स' नावाची नोंद १ करून हे जुळवता येतं, पण मी म्हणेन ड्राइव्हच्या अक्षराचा नाद सोडा आणि प्रोग्रॅमच्या डेटा-पाथमध्ये थेट दोन उलट्या रेघा, पत्ता, रेघ, 'कामे' असा पूर्ण पत्ता द्या. बहुतेक प्रोग्रॅम घेतात. त्याहून बरं म्हणजे, तो प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवायची खरंच गरज आहे का ते एकदा तपासा. बहुतेक ठिकाणी बसवणाऱ्याने शॉर्टकटवर टिक करून ठेवलेली असते, एवढंच.

---

खुंटीवरचा_सदरा

मिंटचं मी सांगतो.

फाइल मॅनेजरमधून 'कनेक्ट टू सर्व्हर' करता, तेव्हा ती जोडणी डेस्कटॉपचा जीव्हीएफएस नावाचा थर सांभाळतो. त्याची ओळख असलेल्या प्रोग्रॅमना शेअर दिसतो, जुन्यांना नाही. खरं तर तो शेअर 'रन' फोल्डरात 'युजर', त्यात १०००, त्यात 'जीव्हीएफएस' अशा कोपऱ्यात टांगलेला असतो. १००० हा तुमचा युजर क्रमांक, पहिल्या युजरला तोच मिळतो. स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये हा पाथ हाताने टाकून तात्पुरतं काम निघेल.

कायमचं करायचं तर शेअर एफएसटॅबमधून (काय कुठे जोडायचं त्याची लिनक्सची यादी) माउंट करा, म्हणजे एका फोल्डराला जोडून ठेवा. आधी 'सीआयएफएस-युटिल्स' पॅकेज बसवा. ते नसेल तर माउंट 'बॅड ऑप्शन' म्हणतं आणि माणूस तासभर ऑप्शनांचं स्पेलिंग तपासत बसतो. 'एमएनटी'मध्ये 'नॅस' नावाचा रिकामा फोल्डर करा. नाव-पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल सगळ्यांना वाचता येते. 'ईटीसी'मध्ये वेगळी फाइल करा, एका ओळीत युजरनेम, दुसरीत पासवर्ड, मालक रूट आणि परवानगी ६००. '=' चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा नको.

एफएसटॅबच्या ओळीत पहिला रकाना //१९२.१६८.१.५०/कामे, दुसरा माउंटचा फोल्डर, तिसरा सीआयएफएस. चौथ्यात स्वल्पविरामांनी जोडून: क्रेडेन्शियल्स फाइलचा पाथ, यूआयडी=१०००, जीआयडी=१०००, व्हर्स=३.०, नोफेल, _नेटडेव्ह आणि एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट. शेवटी ० ०. यूआयडी विसरलात तर सगळ्या फाइली रूटच्या दिसतात आणि सेव्ह होत नाही. नोफेल विसरलात आणि नॅस बंद असेल, तर मशीन सुरू होतानाच अडून बसू शकतं. ऑटोमाउंटमुळे फोल्डर उघडेपर्यंत जोडणीच होत नाही, त्यामुळे सकाळी नॅस उशिरा जागा झाला तरी बिघडत नाही. शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिच्या जागी उलटी रेघ आणि ०४० लिहायचं.

एरर १३ आला तर पासवर्ड किंवा परवानगी. एरर ११२, 'होस्ट इज डाउन' म्हणतो, पण नॅसला पिंग जातो आहे, अशा वेळी होस्ट डाउन नसतो, प्रोटोकॉलची आवृत्ती जुळत नसते. ३.० च्या जागी २.१ किंवा २.० करून पाहा.

---

पेठेतला_प्रूफवाला

विंडोजची तिन्ही मशीनं लागली. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये खरंच 'गेस्ट'ची नोंद होती. मिंटही लागलं, आधी ११२ आला, २.१ केल्यावर गेला. आता घरचं. कोणीतरी सुचवलंय की नॅसवर एफटीपी किंवा वेबडॅव्ह (दोन्ही इंटरनेटवरून फाइली नेण्या-आणण्याच्या पद्धती) चालू करा.

---

आडवी_केबल

एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कोणीही वाचावा. क्रोम आणि फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. नावात साम्य असलं तरी एसएफटीपी वेगळं, ते एसएसएचवर, म्हणजे दूरच्या मशीनशी कुलूपबंद जोडणीवर, २२ नंबरच्या पोर्टवर चालतं. एफटीपीएस आणखी तिसरं. नॅसच्या पानावर तिन्ही शेजारी शेजारी असतात, टिक करताना बघून करा.

वेबडॅव्ह एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हसारखा लागतो, पण विंडोजच्या वेबक्लायंटची मर्यादा मुळात ५,००,००,००० बाइट आहे, म्हणजे साधारण ४७ एमबी. त्याहून मोठी फाइल उतरवताना झीरो एक्स ८००७००डीएफ येतो. रजिस्ट्रीतून ती ४ जीबीपर्यंत वाढवता येते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबक्लायंट सेवाच कालबाह्य ठरवली. नवीन काही त्यावर उभं करू नये.

---

चौदा_नंबरचा_पाना

घरून जोडायचं तर बोगदा, म्हणजे व्हीपीएन. त्यासाठी वायरगार्ड नावाचा प्रोग्रॅम सुटसुटीत आहे. पण आधी ऑफिसच्या कनेक्शनला सार्वजनिक पत्ता आहे का ते पाहा. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' वाचा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणाऱ्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. आपल्याकडे घरगुती फायबरला हे सर्रास असतं. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून हाक आतपर्यंत येतच नाही. (ज्याने पाच मिनिटांत ४४५ उघडून देतो म्हटलं, त्याला तुमच्या नशिबाने हे जमलंच नसतं.)

उपाय तीन: कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा पक्का सार्वजनिक पत्ता) घेणे, दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर त्यावरून बोगदा, किंवा टेलस्केलसारखी सेवा. टेलस्केल आतून वायरगार्डच वापरतं, पण दोन्ही टोकं आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. त्याचे पत्तेही १०० ने सुरू होतात, गोंधळू नका.

स्वतःचं वायरगार्ड लावणार असाल तर ऑफिसच्या राउटरवर यूडीपी ५१८२० एवढाच पोर्ट उघडायचा. किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून खडे मारणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

आता दोन खड्डे, ज्यांत जवळजवळ प्रत्येक जण पडतो.

पहिला: ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१, घरचंही १९२.१६८.१. घरचं मशीन १९२.१६८.१.५० शोधताना 'हा तर माझ्याच घरातला' म्हणून बोगद्यात शिरतच नाही. बोगदा हिरवा दिसतो, नॅस मिळत नाही. ऑफिसचं नेटवर्क बदला, १९२.१६८.४७ असं काहीतरी आडवळणाचं घ्या. ०, १ आणि २९ टाळा, राउटर कंपन्यांचे ते लाडके आकडे आहेत. बदलल्यावर नॅसचा पक्का पत्ता, प्रिंटरचे पोर्ट आणि मिंटची एफएसटॅबची ओळ, तिन्ही ठिकाणी दुरुस्ती लागेल. हे रविवारी करा.

दुसरा: फोल्डरची यादी येते, दोन केबीची टेक्स्ट फाइल उघडते, पण मोठी फाइल कॉपी करताना शून्य टक्क्यावर थिजते. हे एमटीयूचं, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचं, दुखणं. वायरगार्ड प्रत्येक पाकिटाभोवती स्वतःचं वेष्टन चढवतं, आयपीव्ही६ वरून ८० बाइट. १५०० मधून ८० गेले की १४२०, तोच त्याचा नेहमीचा आकडा. पण कनेक्शन पीपीपीओईचं असेल (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असतो ते), तर मुळात १४९२ च मिळतात. म्हणून वायरगार्डच्या इंटरफेसच्या भागात एमटीयू १४१२ लिहा. तरी अडलं तर १२८० करून पाहा. त्यावर चाललं की दुखणं हेच होतं हे पक्कं, मग हळूहळू वाढवा.

---

खुंटीवरचा_सदरा

बोगदा लागला तरी त्यातून एसएमबीवर थेट काम करू नका, हे आधीच सांगून ठेवतो. एसएमबी गप्पिष्ट आहे. फोल्डर उघडला की प्रत्येक फाइलची विचारपूस, उत्तर, पुन्हा विचारपूस. ऑफिसात एक फेरी एका मिलिसेकंदात होते. घरून ४० मिलिसेकंद धरा. ५०० फेऱ्या म्हणजे २० सेकंद, तुमचं इंटरनेट १०० एमबीचं असो की ३०० चं. स्पीड वाढवून हे सुटत नाही. इनडिझाइनची फाइल ६० चित्रं लिंक केलेली असेल तर उघडताना ती एकेका लिंकची चौकशी करते, मग चहा करून या.

घरून एसएफटीपी वापरा. विंडोजवर विनएससीपी, मिंटवर फाइल मॅनेजरचंच 'कनेक्ट टू सर्व्हर', प्रकार एसएसएच. कामाचा अख्खा फोल्डर खाली उतरवायचा, काम करायचं, परत चढवायचं. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून 'विश्वास ठेवू का' विचारेल. ती पहिली जोडणी ऑफिसात बसूनच करा, म्हणजे समोर खरोखर तुमचाच नॅस आहे याची खात्री. पुढे कधी 'किल्ली बदलली' असा इशारा आला आणि नॅस रीसेट केलेला नसेल, तर 'येस' दाबायच्या आधी थांबा. पत्ता बदलल्यावर मात्र नवा होस्ट म्हणून एकदा विचारेल, ते ठीक.

एक लक्षात असू द्या, एसएफटीपीत फाइलला कुलूप लागत नाही. ऑफिसात कोणी तीच फाइल उघडून बसलं असेल तर शेवटी चढवणाऱ्याची राहते. नावापुढे तारीख टाकायची सवय लावा.

---

सांजवेळची_बत्ती

तुमच्या फाइलींची नावं मराठीत असतील तर माझ्याकडून तीन गोष्टी, या कुठे एकत्र लिहिलेल्या सापडत नाहीत.

लिनक्सवर, म्हणजे बहुतेक नॅसवरही, फाइलच्या नावाला २५५ *बाइट* मिळतात. विंडोज २५५ *अक्षरं* मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' हा एक शब्द ११ चिन्हांचा, ३३ बाइटचा. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. 'ग्रामपंचायत सार्वत्रिक निवडणूक प्रभागनिहाय अंतिम मतदार यादी दुरुस्तीसह छपाईसाठी तयार केलेली अंतिम प्रत' असल्या नावाची फाइल डेस्कटॉपवर मजेत राहते आणि नॅसवर कॉपी होत नाही. शेअर एनक्रिप्ट केलेला असेल आणि आत ईक्रिप्टएफएस (लिनक्सची एक एनक्रिप्शन पद्धत) असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

दुसरं, 'दऱ्या', 'सुऱ्या', 'पायऱ्या' यांतला ऱ. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. जुन्या मॅकची डिस्क (एचएफएस प्लस) नावं फोडून ठेवते. तिथून आलेल्या फाइली नॅसवर गेल्या की एकाच फोल्डरात 'पायऱ्या' दोनदा दिसतो, किंवा शोधल्यावर सापडत नाही. मॅकवरून आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रॅमने कॉपी करत असाल तर त्याच्या 'आयकॉन्व्ह' पर्यायात यूटीएफ-८-मॅक वरून यूटीएफ-८ असं रूपांतर द्या (मॅकबरोबर येणाऱ्या जुन्या आरसिंकमध्ये हा पर्याय नसेल तर नवीन बसवा).

तिसरं किरकोळ: विनएससीपीत मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं आली तर त्या साइटच्या प्रगत सेटिंगमध्ये, 'एन्व्हायर्नमेंट'खाली, यूटीएफ-८ 'ऑन' करा.

---

पेठेतला_प्रूफवाला

राउटरवर वॅन आयपी १००.७१ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच. टेलस्केल नॅसवर बसलं नाही, खूप जुना आहे. मिंटच्या मशीनवर बसवलं. आता घरून मिंटला एसएफटीपीने जोडतो आणि त्यातल्या 'एमएनटी/नॅस'मधून फाइली उचलतो. पासवर्डच्या जागी एसएसएचची किल्ली केली आहे. नेटवर्कचा पत्ता बदलावाच लागला नाही, कारण नॅसला घरून कोणी थेट हाकच मारत नाही.

मिंटचं मशीन रात्री झोपी जातं, तेवढं बाकी आहे.

---

खुंटीवरचा_सदरा

सिस्टम सेटिंग्जमध्ये पॉवर मॅनेजमेंट, तिथे 'निष्क्रिय असताना सस्पेंड' याला 'कधीच नाही'. स्क्रीन बंद होऊ द्या, मशीन नको. आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तोही लावून ठेवा. भारनियमनाच्या दिवशी घरून फोन करून कोणाला बटण दाबायला पाठवावं लागणार नाही.

---

पेठेतला_प्रूफवाला

दोन्ही केलं. 'मतदार यादी'वाल्या फाइलचं नावही आखूड केलं, ती खरंच त्याच कारणाने अडली होती. धागा बंद करायला हरकत नाही.